मैदान चारी बाजूंनी उघडं असतं, स्टेडियमला दार असतं

थांबा, आधी हे ऐका, बाकीचं सगळं मागनं. साऊंडच्या कामावर दिवाळी अंकाला कायतरी लिहून दे म्हणून मला सांगून पंधरा दिवस झालं, आणि मी रोज उद्या-उद्या करत हुते. पण आत्ता, अगदी आत्ता, तात्या आमच्या घरातनं उठून गेल्यात. त्यांचा चहा तसाच हाय, वर साय धरलीया. आई म्हणतीया कप उचल, मी म्हटलं थांब. हे आत्ताच टाईप केलं पायजे, न्हाईतर उद्यापर्यंत मी यातलं निम्मं मऊ करून टाकीन आणि माझीच बाजू चांगली करून सांगीन. चुका असतील, सांभाळून घ्या.

मी रुपाली. आटपाडीकडची. आजा मेंढरं राखायचा. आबांनी, म्हंजे माझ्या वडलांनी, मेंढरं कमी केली आणि दोन भोंगे घेतलं, एक ॲम्प्लिफायर घेतला, आणि जत्रा, लग्न, सभा, काय म्हणाल ते. आबांची कंबर गेली तवापास्नं वायरी मी ओढती. सात वर्षं झाली. पहिल्यांदा लोक म्हणायची, "आगं पोरगी पाठवली व्हय? खांबावर कोण चढणार?" मी चढती, दुसरं कोण.

आमचं काम काय असतं ते सोपं हाय. माईकवाला जे बोलतोय ते सगळ्यात लांब बसलेल्या म्हाताऱ्याला कळलं पायजे. ऐकू येणं वेगळं, कळणं वेगळं. मोठा आवाज कुणीबी लावतो. एकदा एक पुढारी म्हणाला, "सगळे भोंगे त्या घराकडं तोंड करून लाव." ते घर त्याच्या विरोधकाचं हुतं. लावले. दुसऱ्या दिवशी तो विरोधकच आमच्याकडं आला, म्हणाला, "काय स्वच्छ आवाज हाय गं, एक एक शिवी कळली, माझ्या सभेलाबी तूच ये." असली गिऱ्हाईकं.

पण मला सांगायचंय ते मैदानाचं आणि स्टेडियमचं. लोकांना वाटतं दोन्ही एकच. गर्दी बसायची मोठी जागा, झालं. मलाबी तसंच वाटायचं. ज्या कुस्त्यांचं पुढं सांगणार हाय त्यांच्या पोस्टरवरच छापलं हुतं, 'भव्य कुस्ती मैदान' आणि खाली 'स्थळ : इनडोअर स्टेडियम'. कुणालाच कायबी खटकलं न्हाई.

आमच्याकडचं मैदान म्हंजे गावाबाहेरची पडीक जागा, मधी तांबड्या मातीचा हौद, आणि एका बाजूला टेकाडाचा उतार. माणसं उतारावर बसत्यात, झाडावर बसत्यात, ट्रॅक्टरवर बसत्यात. गर्दी वाढली की मैदान मागं सरकतं, त्याला कडाच न्हाई. आवाज सोडला की जातो तो जातो, परत येत न्हाई. माणसंबी तशीच, कुठनंबी येत्यात, कुठनंबी जात्यात. स्टेडियमचं तसं न्हाई. भिंत हाय, पत्रा हाय, खुर्च्या हायत. आवाज पत्र्याला लागून परत येतो, मागच्या शब्दाला पुढचा शब्द धडकतो आणि नुसता घुमारा ऱ्हातो. माणसाचंबी तसंच हाय ओ. जिथनं दार हाय तिथनंच त्याला जावं लागतं. दार बंद असलं तर माणूसबी भिंतीला लागून परत येतो. पण मागनं येणाऱ्याला ते ठावं नसतं.

आता तात्या. तात्या कुस्तीचं निवेदक. चाळीस वर्षं माईक धरलाय. पैलवान हौदात उतरला की त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्याच्या बापानं कुणाला पाडलं हुतं, सगळं तोंडपाठ, कागद न्हाई हातात. आबांना पहिलं काम तात्यांनीच दिलं. भोंगे नवीन, आबा घाबरलेलं, तर तात्या म्हणालं हुतं, "लाव रं, बिघडलं तर मी नरड्यानं बोलतो." मला माईक धरायचा कसा ते तात्यांनीच शिकवलं. "तोंडाला लावू नगं, तो काय मक्याचं कणीस हाय व्हय?" असं म्हणायचं.

आणि तात्यांचं एक ठरलेलं हुतं. पहिल्या नंबरची कुस्ती, म्हंजे दिवसाची शेवटची आणि मोठी, ती चितपट झाली की हलगी टिपेला जायची आणि तात्या ओरडायचं, "चला रं खाली! उचला माझ्या वाघाला!" की सगळा उतार खाली धावायचा. पैलवानाला खांद्यावर घ्यायचं, गुलाल, फेटा. त्या हाकेसाठी लोक तीन-तीन तास उन्हात बसायची. पैलवानबी त्या हाकेसाठी लढायचे असं मला वाटतं.

तर यंदा जत्रा कमिटीनं ठरवलं, पावसाचा भरवसा न्हाई, कुस्त्यांचं मैदान तालुक्याच्या नव्या स्टेडियममधी घ्यायचं. कुठला तालुका ते सांगत न्हाई, भांडणं नगंत. खाली लाकडी फरशी, तिच्यावर माती टाकायची न्हाई म्हणून गादी. तात्यांनी गादीवर पाय दाबून बघितला आणि म्हणालं, "हितं कुस्ती करायची का झोपायचं?"

मी सकाळी वायरी टाकत टाकत सगळं फिरले. दोन्ही बाजूंना बसायच्या पायऱ्या. पायऱ्यांच्या पुढं छातीएवढा कठडा. आणि पायऱ्यांवरनं खाली फरशीवर यायला दोन्हीकडं एकेकच अरुंद जिना, त्याच्या तळाला जाळीचं दार. बाहेर जायची दारं वर, मागच्या बाजूला, ती उघडी हुती. पण जाळीच्या दोन्ही दारांना कुलूप.

मी कमिटीच्या भाऊंकडं गेले. भाऊ म्हंजे अध्यक्ष. म्हटलं, "भाऊ, ही दारं उघडा की."

"ते ऱ्हाऊ दे गं. वॉचमन म्हणतोय बूट घालून फरशीवर कुणी यायचं न्हाई. कुलूप हाय तेच बरं, पोरं गादीवर नाचत्यात."

"पण शेवटच्या कुस्तीला माणसं खाली पळणार."

"कोण पळतंय? खुर्च्या दिल्यात बसायला. आता काय ते टेकाड हाय का?"

 मग मी तात्यांकडं गेले. "तात्या, आज शेवटला 'चला खाली' म्हणू नगा. दाराला कुलूप हाय."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. "न्हाई म्हणत. बस? काय लहान हाय का मी? जा, चहा पी."

मी चहा प्यायले आणि परत वायरींकडं गेले.

दुपारनं माणसं यायला लागली, आणि बायकाबी आल्या! उघड्या मैदानात आमच्याकडं बायका लय कमी येत्यात. हितं वर पत्रा, बसायला खुर्ची, म्हणून पोराबाळांसकट आल्या. माझी आईबी आली. आयुष्यात पहिल्यांदा कुस्ती बघायला. आणि बसली कुठं, तर जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर, जाळीला टेकून. तिच्या गुडघ्याचं दुखणं हाय, खाली बसली की उठायला दोघीजणी लागत्यात. मी फरशीवरचा माझा आवाजाचा मिक्सर सोडून जाळीजवळ गेले.

"आई, वर जाऊन बस की."

"हितंच बरं हाय."

"आगं हितनं कुस्तीबी नीट दिसत न्हाई!"

"कुस्ती कोण बघतंय? हितनं तू दिसतीस."

 परत जाऊन मिक्सरवर बसले.

आणि आवाज तर लागेनाच. तात्यांचं बोलणं लय फास्ट, मैदानात ते गोळीसारखं जायचं, हितं पत्र्याला लागून सगळा काला व्हायला लागला. मी भोंगे बारीक केले, खाली वळवले, दोन तर बंदच केले. तात्या खुणा करायचं, वाढव, वाढव. मी खुणा करायची, हळू बोला, हळू. त्यांना वाटलं मी ऐकत न्हाई. मला वाटलं ते ऐकत न्हाईत. दोघंबी बरोबरच हुतो म्हणा.

संध्याकाळ झाली. पहिल्या नंबरची जोड लागली. एका बाजूला संग्राम, आमच्याच पट्ट्यातला, बाप ऊसतोडीच्या टोळीवर, वय एकवीस-बावीस, पहिल्या नंबरला पहिल्यांदाच. दुसरा नावाजलेला, अंगानं दीडपट. हलगीवाल्या गणपामामांनी हलगी धरली. तिच्यासाठी मी वेगळा माईक लावला हुता. लोक उभी ऱ्हायली. मी कुस्ती बघतच नव्हते. मी एकदा जाळी बघायची, एकदा तात्यांचं तोंड बघायची. जाळी, तोंड. वॉचमन सकाळी दारातच हुता, आता खुर्ची रिकामी. बाहेर गाड्या काढायला गेला हुता. किल्ली त्याच्या कमरेला.

आणि संग्रामनं पाडला की ओ! कसा पाडला मला म्हाईत न्हाई, मी बघितलंच न्हाई. नुसता पत्रा फुटंल असा आवाज झाला. पंचांनी हात वर केला. हलगी टिपेला गेली. तात्या खुर्चीवर चढलं. डोळं मिटलेलं, मान वर, त्या तोंडावर मी इतक्या वर्षांत असला आनंद बघितला नव्हता, आणि मला कळलं, संपलं, आता हे थांबत न्हाईत.

"चला रं खाली! उचला माझ्या वाघाला!"

दोन्हीकडच्या जिन्यांवर पोरं उतरायला लागली. वरनं आणखी. शिट्ट्या, फेटे उडत्यात. आईच्या बाजूचा जिना तर दिसेनासा झाला. आई उठायला बघत हुती, एक हात जाळीत अडकवलेला, आणि जाळी फुगली.

तात्यांनी दुसऱ्यांदा श्वास घेतला. मी त्यांचा माईक बंद केला.

बंद म्हंजे बंद. बोट खाली. तात्यांचं तोंड हलतंय आणि आवाज न्हाई. मग मी गणपामामांकडं बघून हात आडवा केला, थांबा. त्यांनी का थांबवली ते मला अजून कळलेलं न्हाई, माझं तोंडच तसलं झालं असंल. हलगी थांबली.

आता हे बाहेरच्या लोकांना सांगितलं पायजे. आमच्याकडं मोठ्या कुस्तीत हलगी मधीच थांबली तर त्याचा एकच अर्थ असतो. निकालात कायतरी अडलंय. तवा कुणी पुढं पळत न्हाई. माणूस हाय तिथं थांबतो आणि शेजाऱ्याशी भांडायला सुरवात करतो. 'दाराला कुलूप हाय' असं मी बोलले असते तर वरचे आणखी घाबरून ढकलले असते. म्हणून मी माझा माईक उचलला आणि खोटं बोलले. हळू. एक एक शब्द, पत्र्यावरनं परत येऊन विरंपर्यंत थांबून.

"निकाल. थांबलाय. सगळ्यांनी. मागं. आपापल्या जागी. बसा."

आणि बसले की! म्हंजे आधी शिव्या घातल्या. "आवं डोळं फुटलं का पंचाचं!" "पाठ लागली हुती, आमी बघितली!" पण शिव्या घालायला माणूस मागं वळला, शेजाऱ्याकडं वळला, वरच्या पायरीवर चढून हातवारे करायला लागला. जिना मोकळा हुईत गेला. पंच माझ्याकडं धावून आलं, "कोण म्हणतंय निकाल थांबलाय? मी दिलाय!" मी नुसतं जाळीकडं बोट केलं. त्या म्हाताऱ्या माणसानं बघितलं. एक सेकंद. मग परत गेलं, खुर्चीवर बसलं, चष्मा लावला आणि एक कागद घेऊन वाचायला लागलं. कागद उलटा हुता. मी हितनं बघत हुते. 

भाऊंनी कुणाला तरी पळवलं. वॉचमन आला, कुलूप निघालं. दोन बायकांनी आईला धरून बाहेर काढलं. दंडावर जाळीचे चौकोन उठले हुते, बाकी काय न्हाई. काहीच न्हाई झालं कुणाला. मग मी सांगितलं, संग्राम विजयी. टाळ्या पडल्या. पण ती मगाशीची हवा गेली हुती. चार पोरांनी त्याला उचलल्यासारखं केलं आणि खाली ठेवलं.

संग्राम माझ्याकडं आला. अंगावरचा घाम वाळला हुता. "ताई, मी पाडला हुता न्हवं?"

"पाडला हुतास."

"मग?"

मी खाली वाकून वायर गुंडाळायला लागले. 

तात्यांनी माईक टेबलावर ठेवला. आपटला न्हाई, ठेवला. मला म्हणालं, "चाळीस वर्षांत माझा आवाज कुणी बंद केला न्हवता. पोलिसानं पण न्हाई." आणि गेलं, एसटीनं. एरवी आमच्याच टेंपोत बसून यायचं.

घरी आबा म्हणालं, "तात्यांचा माईक? तू?" आणि दोन दिवस जेवताना माझ्याकडं बघितलं न्हाई. आई सांगायची, आवं मी तिथंच हुते, मी बघितलंय. आबा म्हणायचं, "पण झालं काय? काहीच न्हाई झालं की!" हाच तर लोच्या हाय. काही झालं असतं तर सगळ्यांना पटलं असतं. झालं न्हाई म्हणून मी चूक. दोन कमिट्यांनी सांगितलं, ती पोरगी नगं, मधीच बंद करती. आणि तात्या सगळीकडं सांगायचं, "मी 'चला खाली' म्हणालोच न्हाई. तिनं सकाळी सांगितलं हुतं, मी शब्द दिलता, मी कसा म्हणीन?" ते खोटं बोलत नव्हते ओ. त्यांना खरंच तसं वाटत हुतं.

माझ्याकडं रेकॉर्डिंग हुतं. आमी प्रत्येक मैदानाचं पेनड्राईव्हवर ठेवतो, कमिटीला द्यायला. दोन महिनं ते माझ्या कपाटात, मी एकटीच काढून ऐकायची. रोज वाटायचं, नेऊन ऐकवावं. रोज वाटायचं, पुसून टाकावं. चाळीस वर्षं माईक धरलेल्या माणसाला त्याचाच आवाज ऐकवून खोटं पाडायचं? दोनदा तर पुसायच्या बटनावर बोट गेलं. न्हाई दाबलं.

आणि आज सकाळी तात्या स्वतः आलं. पायताण काढलं, बसलं, आणि सरळ म्हणालं, "रुपे, त्या दिवसाचं हाय का तुझ्याकडं? लाव."

पेनड्राईव्ह मी तीनदा उलटा घातला. हेडफोन दिला. तात्यांनी डोळं मिटलं. मी फक्त त्यांचं तोंड बघत हुते. त्यांचा तो आवाज यायची जागा मला पाठ हाय, कुठल्या सेकंदाला ते. ती जागा आली. तात्यांचं तोंड तसंच ऱ्हायलं. फक्त गुडघ्यावर ताल धरलेला अंगठा थांबला.

मी बंद करायला गेले. त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. पुढचं."

पुढं, मी बोलेपर्यंत, काहीच न्हाई. त्यांचा माईक बंद. हलगी बंद. फक्त गणपामामांच्या हलगीचा माईक चालू हुता, तो बंद करायचं माझ्या ध्यानात नव्हतं.

तात्यांनी डोळं उघडलं. "हे काय वाजतंय?"

"काय?"

"हे. खण्ण करून."

मी एका कानाला लावून ऐकलं. मीबी हे कवा ऐकलं नव्हतं, मी नेहमी त्यांच्या आवाजापाशीच थांबायची. गोंगाटाच्या मागं, लांब, खण्ण. मग परत. खण्ण. मग एकदा.

"जाळी हाय, तात्या. माणसं तिच्यावर आदळत हुती."

"तीनदा."

"व्हय."

"माझा आवाज बंद झाल्यावर."

"व्हय. मग न्हाई."

आई चहा घेऊन आली. तात्या तिला म्हणालं, "वयनी, त्या दिवशी तुमी कुठं बसलावता?"

"खालच्या पायरीवर. जाळीला टेकून. मला उठायला येळ लागतो न्हवं."

तात्यांनी चहाकडं बघितलं, घेतला न्हाई.  मग उठलं, पायताण घातलं, आणि दारात माझ्याकडं न बघता म्हणालं, "रविवारी औंधच्या बाजूला कुस्त्या हायत. उघड्यावर. तू ये."

"येते की."

"तो बिनवायरचा माईक नगं मला. लांब वायर हाय तुझ्याकडं?"

"हाय."

"वायरचाच दे. एक टोक तुझ्याकडं असू दे."

गेलं. त्यांना दोन महिन्यांपास्नं छातीवर ठेवलेलं कायतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं असंल. मला मात्र आता आणखीच भ्या वाटतंय. रविवारी उघडं मैदान हाय. दार न्हाई, कुलूप न्हाई, जाळी न्हाई. तिथं त्यांनी 'चला रं खाली' म्हणायलाच पायजे, आणि मी आवाज पार टेकाडाच्या टोकापर्यंत सोडायला पायजे. पण त्यांनी श्वास घेतला की माझं बोट आपोआप त्या बटनाकडं गेलं तर? आणि न्हाई गेलं, आणि परत कधी जायला पायजे असंल तवाबी न्हाई गेलं तर?

तुमच्याबी बाबतीत असं झालंय का? ज्यानं तुमाला बोलायला शिकवलं त्यालाच भर गर्दीत गप्प करायची पाळी आली, आणि बरोबर असूनबी ते आजपर्यंत मनातनं जात न्हाई? झालं असंल तर सांगा. रविवारच्या आत सांगा.